ओ न देणारी वाडी

डोंगराच्या पाठीवर, वाट संपून धुकं सुरू होतं त्या ठिकाणी, एक वाडी होती. तीस-बत्तीस घरं. माणसं धडधाकट, जिभा सगळ्यांच्या शाबूत. पण बोलत कुणी नसे.

बोलत नसे म्हणजे अगदी अक्षर नाही. रानातला हिरडा गोळा करायचा, खालच्या बाजारात गोण्या मांडायच्या, बोटं दाखवायची, मीठ-मिरची बांधून घ्यायची आणि मान खाली घालून डोंगर चढायचा. बाजारातले लोक हसत. "आले मुक्यांच्या वाडीचे! यांना शिवी दिली तरी गोड लागते!" वाडीची माणसं तेही ऐकून घेत.

वाडीत गाईंच्या गळ्यातल्या घंटांत चिंध्या कोंबलेल्या होत्या. कोंबडा कुणी पाळत नसे. त्याला कोण गप्प बसवणार? मूल रडलं की आईचा तळवा आधी त्याच्या तोंडावर जाई, मग ती त्याला पदराखाली घेई. बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगे, आणि ते नाव त्या कानातच राही. पुन्हा जन्मात कुणी ते उच्चारत नसे.

याचं कारण हाकामारी. ती धुक्यात फिरते, ओळखीच्या माणसाचा आवाज काढते, नाव घेऊन हाक मारते, आणि ज्यानं ओ दिली तो गेला, अशी वाडीची समजूत होती. आधी लोक धुक्यात ओ देईनासे झाले. मग वाटलं, उन्हात तरी तिचा काय भरवसा? मग नावं घेणं सोडलं, न जाणो ती शिकायची. मग म्हटलं, आवाजच कशाला ऐकवा? असं एकेक दार लावून घेत माणूस शेवटी आपल्याच घशात जाऊन बसला.

आता खरं सांगायचं तर सगळेच काही भीतीनं गप्प नव्हते. वाडीच्या कारभाऱ्याला मौन फार मानवलं होतं. झऱ्याचं पाणी तो आपल्या वाफ्याला दोनदा वळवी, आणि 'आज पाळी कुणाची?' हे विचारायला कुणाला तोंडच नव्हतं. एका घरात नवरा बायकोला मारी. तिचं कण्हणं भिंतीपलीकडं जाई, आणि भिंतीपलीकडचे कानांवर घोंगडी ओढून घेत. हाकामारी असेल! केवढी सोय झाली बघा. भुताच्या नावावर माणसानं माणसाकडं पाठ फिरवायची आणि वर शहाणं म्हणवून घ्यायचं.

वाडी कड्यावर वसलेली होती, पुढ्यात मोकळं पठार, आणि पठारापासून वाडीच्या बरोबर मधोमध शिरलेली एक खोल घळ होती. निम्मी घरं घळीच्या अलीकडं, निम्मी पलीकडं. मागच्या अंगाला जिथं घळ उथळ होती, तिथून पलीकडं जायची पायवाट होती.

अलीकडच्या पहिल्या घरात एक म्हातारी राहायची. ती वाडीची सुईण. पोटातून बाहेर आलेलं प्रत्येक लेकरू आधी तिच्या हातावर पडायचं. ज्या बाळाला आत्या नाही त्याच्या कानात नाव सांगायचं कामही तिचंच, आणि आत्या असली तरी नाव आधी तिच्या कानावर घातलं जाई. त्यामुळं वाडीतली सगळी नावं एकट्या तिला ठाऊक होती.

पलीकडच्या पहिल्या घरात तिची पुतणी राहायची, तिच्या थोरल्या जावेची मुलगी चिमी. चिमी तीन वर्षांची असताना तिची आई गेली. या म्हातारीनंच तिला वाढवलं, तिचं लग्न लावलं. पण आई गेल्यापासून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिला बोलता येतं की नाही, हेही आता कुणाला सांगता आलं नसतं.

म्हातारीच्या मुलाचं लग्न झालं आणि खालच्या गावची सून घरात आली. तिचं नाव ठकू. ठकूची जीभ म्हणजे सुटलेलं वासरू. बाहेर गप्प राहायचं हे तिनं कबूल केलं होतं, पण घरात दार लावलं की तिची कुजबूज सुरू.

"आत्याबाई, तुमच्या वाडीतले उंदीर तरी चूं करतात का हो?"

म्हातारी डोळे वटारी.

"माझा बाप म्हणाला, सासू मुकी म्हणजे पोरगी सुखात. त्याला काय ठाऊक, सासवा डोळ्यांनी बोलतात ते! बघा, बघा, आत्ता तुम्ही मला काय म्हणालात ते सांगू? 'भाकरी करपली, मेले.' बरोबर?"

म्हातारी पदर तोंडाला लावून हसे. चाळीस वर्षांत ती एवढी हसली नव्हती. सून तिच्या पायाला तेल लावी, केस विंचरी, आणि कानाशी लागून खालच्या गावच्या गमती सांगे. म्हातारी मनात म्हणे, देवा, हे पाखरू माझ्या घरात राहू दे.

भादव्यातली गोष्ट. मुलगा हिरडा घेऊन बाजाराला गेला होता. दुपारी शेळीचं करडू पठारावर भटकलं, म्हणून ठकू त्याला आणायला गेली. ती गेली तेव्हा लख्ख होतं. म्हातारी जात्यावरचं पीठ भरते न भरते तोच कड्याखालून धुकं वर आलं. आलं ते असं, की उंबऱ्यावर उभं राहून अंगणातली तुळस दिसेना.

पटापट दारं लागली. आतून आडणे लावल्याचा आवाज तेवढा झाला. मग सामसूम.

आणि त्या सामसुमीत पठाराकडून हाक आली.

"आत्याबाईऽऽ! ओ द्याऽऽ!"

म्हातारीच्या हातातलं सूप खाली पडलं.

"वाट दिसंनाऽऽ! ओ द्याऽऽ!"

ती उंबऱ्यावर आली. ही हाक तिनं पूर्वी ऐकली होती. हेच धुकं, हीच वेळ, हेच शब्द.

चाळीस वर्षांपूर्वी ती या घरची धाकटी सून होती. थोरल्या जावेनं एकदा चार बायकांत म्हटलं, "आमच्या धाकटीच्या भाकरीनं चूल सारवता येईल." बायका हसल्या. धाकटीनं अबोला धरला. आठ दिवस झाले, दोघी एका चुलीशी बसत, पण शब्द नाही. नवव्या दिवशी थोरलीनं लेक तिच्या मांडीवर आणून ठेवली, तीही न बोलता, आणि वासरू शोधायला पठारावर गेली. मागून धुकं आलं.

"धाकटे, ओ दे गं! वाट दिसंना!"

धाकटीनं ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि मनात म्हणाली, मारू दे हाका. आधी 'चुकलं माझं' म्हणू दे. दुसरी हाक आली, तिसरी आली. मांडीवरल्या चिमीनं आईचा आवाज ओळखला आणि तोंड उघडलं, "आ..." एवढंच. धाकटीनं तिच्या तोंडावर हात दाबला. सात हाका आल्या. आठवीची धाकटी वाट बघत राहिली. आठवीला मी ओ देणारच होते, असं तिनं पुढं चाळीस वर्षं स्वतःला सांगितलं. पण आठवी आलीच नाही.

धुकं उठल्यावर थोरली घळीत सापडली. लोकांनी विचारलं, "अगं, तू तर घरातच होतीस. तुला हाक आली नाही?"

आणि धाकटी बोलून गेली, "आली. पण ती जाऊबाईची नव्हती. आवाज तिचा, माणूस ती नव्हे. हाकामारी होती ती. मी ओ दिली असती तर मीही गेले असते."

एक खोटं वाक्य. आपली कातडी वाचवायला बोललेलं. त्यातून अख्खी मुकी वाडी उगवली.

तिला वाटलं होतं, चार दिवसांत लोक विसरतील. पण भीतीला खतपाणी लागत नाही. वाडी गप्प होत गेली आणि ती बघत राहिली. आणि सगळ्यांत वाईट काय झालं असेल तर हे, की बघता बघता तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं. आपणच रंगवलेल्या बाहुल्यानं रात्री डोळे वटारावेत तसं झालं. आता उंबऱ्यावर उभ्या उभ्या तिला कळेना, ही हाक सुनेची, की थोरली चाळीस वर्षांनी आपलं येणं वसूल करायला आली?

"आत्याबाईऽऽ!"

तिसरी हाक. आवाज घळीच्या दिशेनं सरकला होता. म्हातारीनं दोन्ही हातांनी कान झाकले.

"अहो आत्याबाई, मेलं तुमचं ते मौन! इथं माझा पाय घसरतोय! मी मेले तर उद्या डोळे वटारायला कोण मिळणार तुम्हाला?"

म्हातारीनं कानांवरचे हात काढले. भूत असं भांडत नाही. ही तिची ठकूच होती.

ती अंगणात आली, तोंड उघडलं, "ओ" म्हणायला गेली, आणि घशातून निघाली नुसती हवा. चाळीस वर्षं कुजबुजीपलीकडं न वापरलेला गळा. पुन्हा जोर केला. घरघर आली. तिसऱ्यांदा छातीवर मूठ मारून ती ओरडली, तेव्हा गंजलेली कडी निघावी तसा आवाज आला, "ओऽ!"

"कोण? कुठून? नीट ऐकू येईना!" ठकू रडायला आली होती.

एकटीच्या घशानं भागणार नव्हतं. म्हातारी शेजारच्या दाराशी गेली, दार बडवलं. उघडलं नाही. मग तिनं ते केलं, जे त्या वाडीत चाळीस वर्षांत कुणी केलं नव्हतं. तिनं नाव घेतलं.

"हैबती! अरे हैबती, बाहेर ये!"

हैबती म्हणजे तो कारभारी. दाराआड काहीतरी धपकन पडलं.

"गुणाई! सटवाजी! नावजी! बाहेर या, माझी सून घळीकडं चाललीय!"

विचार करा, त्या घरांत काय झालं असेल. धुक्यात कुणीतरी नाव घेऊन हाक मारतंय! ज्या आवाजाला आयुष्यभर भ्यायले, तो दारात. माणसं एकमेकांना घट्ट धरून बसली. आयांनी पोरांच्या तोंडांवर हात ठेवले. आणि म्हातारीच्या ध्यानात आलं की या घडीला वाडीची हाकामारी आपणच आहोत.

"ऐका!" ती फाटक्या आवाजात ओरडली. "हाकामारी नाही! कधी नव्हती! मी खोटं बोलले. थोरलीनं मला सात हाका मारल्या आणि मी अबोल्यापायी ओ दिली नाही. ती माझ्यामुळं मेली. ऐकलंत का? तुम्हाला कुणी भूत खाणार नाही. पण तुम्ही ओ दिली नाही तर माझी ठकू मरेल!"

दारं हलली नाहीत. पण घळीच्या पलीकडून एक आवाज आला. खरखरीत, लहान पोरीसारखा अडखळता.

"ओ... ओऽऽ!"

ती चिमी होती. तिची पहिली ओ.

तो आवाज ऐकल्यावर जणू बांध फुटला. एका खिडकीतून "ओ!" दुसऱ्या फटीतून "ओ!" अलीकडून, पलीकडून, दाराआडून, माळ्यावरून, जो तो आपापल्या घरात बसून ओरडायला लागला. कारभारी तर चुलीमागून ओरडत होता, आणि चुलीला थोडंच कळतंय तो किती शूर आहे ते.

म्हातारीला क्षणभर बरं वाटलं. मग पठारावरून ठकूची किंकाळी आली.

"अहो, इकडून का तिकडून? दोन्हीकडून हाका येतात! मी कुठं जाऊ?"

आणि दगड घरंगळल्याचा आवाज. खूप खाली जाऊन तो थांबला.

म्हातारीला उमगलं. दोन्हीकडून हाका आल्या की चालणारा मधोमध जातो. आणि मधोमध घळ होती.

"गप्प!" ती किंचाळली. "सगळे गप्प! घरात बसून ओ देऊ नका रे, तिला मारताय तुम्ही! ठकू, होतीस तिथं बस! हलू नकोस! आणि तुम्ही बाहेर या. सगळे माझ्या अंगणात या. हाक एका जागेवरनं जाऊ दे!"

वाडी पुन्हा गप्प झाली. घरातून ओ देणं सोपं होतं. उंबरा ओलांडून धुक्यात उतरायचं म्हणजे जिवावर आलं. म्हातारी अंगणात उभी राहून ऐकत होती. ठकूचे हुंदके ऐकू येत होते. दुसरं काही नाही.

मग एक आडणा निघाला. ती मार खाणारी बाई बाहेर आली, आणि मागून नवऱ्यानं पदर ओढला तो तिनं झिडकारला. तिच्या मागं सटवाजी. त्याच्या मागं गुणाई, कडेवर पोर घेऊन. घळीला वळसा घालून पलीकडची माणसं निघाली, हात धरून, चाचपडत. त्यांच्या पुढं चिमी होती. ती आली, म्हातारीपासून हातभर अंतरावर उभी राहिली, तिच्याकडं पाहिलं नाही, आणि छाती भरून ओरडली, "ओऽऽ!"

"ओऽऽऽ!" सगळं अंगण ओरडलं.

"आलेऽऽ!" ठकूचं उत्तर आलं.

"ओऽऽऽ!"

"आले हो, आलेऽऽ!"

ओ आणि आले, ओ आणि आले, असं किती वेळ चाललं कोण जाणे. गळे सोलवटले. लहान पोरांना तर गंमतच वाटली, आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्याबद्दल कुणी तोंड दाबत नव्हतं. शेवटी धुक्यातून आधी करडाचं बें आलं, मग ठकू आली. गुडघे फुटलेले, केस सुटलेले, करडू छातीशी.

म्हातारीला मिठी मारून ती म्हणाली, "आत्याबाई, काय तो तुमचा आवाज! कावळाही बरा!" आणि ढसाढसा रडली.

ओरडणं थांबलं तरी कुणी घरी गेलं नाही. चिमी म्हातारीसमोर आली. शब्द तिला एकेक करून सापडत होते.

"धाकटे आई. माझ्या आईनं सात हाका मारल्या?"

"सात."

"आणि मी?"

म्हातारीनं ठरवलं असतं तर इथंही खोटं बोलता आलं असतं. तीन वर्षांच्या पोरीला काय आठवणार? पण ती म्हणाली, "तू 'आ' एवढं म्हणालीस, बाळा. पुढचं मी दाबलं."

चिमीनं आपल्या तोंडावरून हात फिरवला, जणू तिथं अजून काही होतं ते पुसतेय. मग ती वळली आणि घळीच्या वाटेनं निघून गेली.

कारभाऱ्याला लगेच कंठ फुटला. "या बाईला वाडीबाहेर काढा! चाळीस वर्षं फसवलं आपल्याला!"

ठकू डोळे पुसून म्हणाली, "काढा की. पण कारभारी, आधी सांगा, झऱ्याच्या पाण्याची आज पाळी कुणाची?"

कारभाऱ्याची बोलती पुन्हा बंद झाली, आणि बाकी सगळ्यांची सुरू झाली. एकच कलकलाट उठला. कुणी पाणी विचारलं, कुणी हद्द विचारली. ती मार खाणारी बाई तर अशी बोलली, की नवऱ्याला कानांवर घोंगडी ओढावीशी वाटली.

म्हातारीला कुणी काढलं नाही. तिची शिक्षा तिला घरबसल्या मिळाली. वाडी बोलती झाली. माणसं भांडली, रडली, नावं घेऊन एकमेकांना बोलावू लागली. चिमीही सगळ्यांशी बोले, ठकूशी तर तासन् तास बोले. फक्त म्हातारीशी नाही. म्हातारी रोज सकाळी घळीच्या काठाशी उभी राहून हाक मारी, "चिमेऽऽ!" पलीकडं अंगण झाडणारी चिमी झाडत राही. म्हातारी सात हाका मारी. मग मुकाट्यानं घरी जाई. ती कधी रागावली नाही, आणि तिनं एकही दिवस चुकवला नाही.

यातून घ्यायचं ते तात्पर्य इतकंच: हाक कानावर आली की आधी ओ द्या, आणि उंबरा ओलांडून द्या; रुसवा काय, उद्याही धरता येतो. आणि कुणी मुकं माणूस भेटलं तर त्याला 'बोल' म्हणण्याआधी विचारा, बाबा, तुझ्या तोंडावर हात कुणी ठेवला होता?